ग्रुपवर मुलाचं नाव नको

‘समर्थचा गृहपाठ सलग तीन दिवस अपूर्ण आहे. पालकांनी लक्ष द्यावे.’

असा मेसेज वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो तेव्हा लिहिणाऱ्या बाईंच्या मनात वाईट काहीच नसतं. चाळीस वह्या तपासून झालेल्या असतात, परतीची बस गाठायची असते, आणि घरी कळवायचा हाताशी असलेला सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे ग्रुप. भाषाही सभ्य आहे, एकही शब्द वावगा नाही. तरी हा मेसेज चुकलाच. तो एका घरी जायचा होता, गेला चाळीस घरी. त्यांतल्या काही घरांत तो मोठ्याने वाचला जातो. गोव्यात कामाला असलेला बाप तो आईच्या आधी बघतो आणि तिथूनच फोन लावून तिला बोलतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या नळावर पोरं समर्थला तीच ओळ म्हणून दाखवतात. गृहपाठ अपूर्ण तो अपूर्णच राहतो.

शिक्षक आणि पालक ऑनलाइन बोलताना आदर कसा राखायचा, हा विषय निघाला की लोक आधी शब्दांकडे वळतात. ‘कृपया’ लिहा, ‘आपण’ म्हणा, शेवटी ‘धन्यवाद’ घाला. हे सगळं असावंच. पण माझ्या मते आदर शब्दांपेक्षा जागेत आणि वेळेत जास्त असतो. काय चारचौघांत सांगायचं, काय एकट्याला आणि काय समोर बसवून, याची समज आपल्याकडे पारावर बसणाऱ्या म्हाताऱ्यांनाही असते. फोन हातात आला की मात्र ती सुटते, कारण फोनवर सगळ्या जागा सारख्याच दिसतात. म्हणून एक नियम बाकी सगळ्यांच्या आधी ठरवून घ्यावा: मुलाचं नाव असलेली कुठलीही गोष्ट ग्रुपवर जाणार नाही. तक्रार नाही, गुण नाहीत, थकलेली फी नाही, गैरहजेरीही नाही.

घरी कळवणं हे शिक्षकाचं कामच आहे, त्यात उपकार नाहीत. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 मध्ये ते स्पष्ट लिहिलेलं आहे: पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांच्या कानावर घालायची. कायदा कानावर घालायला सांगतो, चव्हाट्यावर मांडायला नाही.

आता घरातला फोन नेमका कोणाच्या हातात असतो, ते बघू. शहरात बसून ‘पालकांना पर्सनल मेसेज करा’ म्हणणं सोपं आहे. बेळगाव तालुक्यातल्या येळ्ळूर, कडोली, उचगावसारख्या गावांत घरातला मोठ्या स्क्रीनचा फोन बहुतेक वेळा बापाच्या खिशात असतो, आणि बाप उद्यमबागेतल्या फाउंड्रीत नाहीतर मच्छेकडच्या कारखान्यात पाळीवर. निपाणीत आई विड्या वळत बसलेली असते. तिच्याकडे असला तर बटणांचा फोन. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीकडच्या जंगलपट्टीत, पावसाळ्यात रेंज मिळेल तेव्हा मिळते. बऱ्याच घरी आईबाप गोव्यात किंवा पुण्यात आणि पोरं आजीजवळ. बाप फौजेत असेल तर त्याचा फोन कधी सुरू असेल ते घरच्यांनाही सांगता येत नाही. 2020 मध्ये शाळा बंद असताना कर्नाटक सरकारने ‘विद्यागम’ हा शिकवण्याचा कार्यक्रम आणला, तेव्हा घरी फोन आहे का, असेल तर साधा की इंटरनेटचा, हे बघून मुलांचे गट केले होते. शाळा पुन्हा भरल्या आणि ती विचारपूस मागे पडली. ती दरवर्षी करायला हवी, असं मला कळकळीने वाटतं.

याहून महत्त्वाची एक गोष्ट शिक्षकांच्या सहसा ध्यानात येत नाही. घरातल्या फोनवर आलेला मेसेज पुष्कळदा मूलच वाचतं. आईला वाचता येत नसतं, किंवा मेसेज कन्नडमध्ये असतो. पहिली भाषा मराठी घेतलेली पोरंही शाळेत कन्नड शिकतातच, त्यामुळे घरात कन्नड सर्क्युलर वाचून दाखवणारं माणूस म्हणजे बहुधा सहावी-सातवीतलं पोरगं. त्याचीच तक्रार त्याच्याच हाती पडली की तो ती आईला वाचून दाखवतो, निम्मी गाळतो किंवा सरळ डिलीट करतो. त्याच्या जागी कुणीही तेच करेल. आणि आईकडे फोनच नसला तर मेसेज शेजारणीच्या फोनवर येतो आणि शेजारणीच्या ओट्यावर वाचला जातो. थोडक्यात, खाजगी म्हणून पाठवलेलाही मेसेज पूर्ण खाजगी नसतो. लिहिताना एवढंच स्वतःला विचारावं: हे मुलाने वाचलं तर चालेल का, शेजारच्या वहिनींनी वाचलं तर चालेल का? नसेल चालत, तर ते लिहायचं नाही, फोन करून बोलायचं. फोनवरही बोलण्यासारखं नसेल तर शाळेत बोलवायचं.

हे जमवायचं तर सुरुवात वर्षाच्या पहिल्या पालक सभेत, कागदावर व्हायला हवी. अर्ध्या पानाचा फॉर्म पुरतो. मुलाचं नाव, दोन फोन नंबर, प्रत्येक नंबर कोणाचा आणि त्याचं मुलाशी नातं काय. फोन साधा की व्हॉट्सॲपचा. घरात मराठी कोण वाचतं, कन्नड कोण वाचतं, की व्हॉइस मेसेज बरा पडेल. बोलायला कुठली वेळ सोयीची. तातडीचं काही झालं तर आधी कोणाला फोन करायचा. मुलाचे फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकले तर चालतील का, आणि बाहेर, म्हणजे फेसबुकवर वगैरे, टाकले तर चालतील का. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, त्यांना दोन वेगळ्या चौकटी हव्यात. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा फॉर्म बाईंनी विचारून भरावा, पोराकडून भरून घेऊ नये. हाच फॉर्म दसऱ्याच्या सुट्टीनंतर एकदा ताडून बघावा. नंबर बदलतात. रिचार्ज थांबलेला नंबर काही महिन्यांनी बंद होतो आणि कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते. मग मुलाची हकीकत कुण्या परक्याच्या फोनवर जात राहते आणि शाळेला पत्ता नसतो.

आईवडील वेगळे राहत असतील तर कोणाला काय कळवायचं हे वर्गशिक्षकाने मनाने ठरवू नये. ते मुख्याध्यापकांनी कागदपत्रं बघून ठरवायचं असतं. ‘त्याला काही सांगू नका’ असा मेसेज एका पालकाकडून आला तर ‘मुख्याध्यापकांना भेटा, मी त्यांच्या कानावर घालते’ एवढंच उत्तर द्यावं.

ग्रुपची बांधणी साधी असावी. नावात इयत्ता आणि वर्ष हवं: ‘पाचवी – सूचना – 2025-26’. ॲडमिन दोघेच, वर्गशिक्षक आणि मुख्याध्यापक. पालकाला ॲडमिन करू नये, कितीही हौशी आणि भला असला तरी. उद्या त्याचंच शाळेशी वाजलं तर अवघडल्यासारखं होतं. सेटिंगमध्ये जाऊन मेसेज फक्त ॲडमिन पाठवू शकतील, असं करून ठेवावं. एवढ्याने निम्मे तंटे संपतात. गुड मॉर्निंगची फुलं थांबतात, सणांच्या शुभेच्छांच्या रांगा थांबतात, एकाच्या ‘ओके सर’खाली अडतीस ‘ओके सर’ येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे रात्री कुणी रागाच्या भरात सगळ्यांसमोर लिहू शकत नाही. काही पालकांना याचा राग येतो, शाळा आम्हाला बोलू देत नाही म्हणतात. म्हणून सभेत आधीच सांगावं, की बोलायची जागा कुठली: कोणता नंबर, कोणत्या वेळी. बोलायची वाट दाखवली नाही आणि नुसतंच ग्रुपचं तोंड बंद केलं, तर तो पालकांचा अपमान होतो.

पालक आपला वेगळा ग्रुप काढतात, ज्यात शिक्षक नसतात. काढू द्यावा. त्यात डोकावायला जाऊ नये, तिथले स्क्रीनशॉट कुणी आणून दिले तर घेऊ नयेत. घरं आपसांत बोलणारच.

साध्या ग्रुपमध्ये एक मोठी खोट आहे. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. आयांना अनोळखी नंबरांवरून फोन आणि मेसेज यायला लागतात, आणि मग घरचे म्हणतात, हिचा नंबर नको, माझाच घाला. अशाने जी माणसं मुलाचा अभ्यास खरोखर बघतात त्या आयाच ग्रुपबाहेर पडतात. यावर दोन उपाय आहेत. पहिला, व्हॉट्सॲपची ‘कम्युनिटी’. तिच्या सूचनांच्या ग्रुपमध्ये सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. दुसरा, ब्रॉडकास्ट लिस्ट. तीत 256 जणांपर्यंत घालता येतात आणि प्रत्येकाला मेसेज एकट्याला आल्यासारखा मिळतो. पण ज्याने शाळेचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही. ‘सरांनी कळवलंच नाही’ आणि ‘मी तर पाठवलं होतं’ हे भांडण बऱ्याचदा इथून सुरू होतं, दोघंही खरं बोलत असतात. उपाय म्हणजे सभेतच सगळ्यांकडून नंबर सेव्ह करून घ्यायचा आणि तिथल्या तिथे एक मेसेज पाठवून कोणाचा फोन वाजला नाही ते बघायचं.

शाळेसाठी वेगळं सिम घ्यावं, हे मी आग्रहाने सांगेन. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस टाकलं, फुकटच असतं ते, की कामाची वेळ ठरवता येते. त्या वेळेबाहेर कुणी लिहिलं तर आपोआप उत्तर जातं: ‘मेसेज मिळाला. शाळेच्या पुढच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत उत्तर देऊ. मूल आजारी असेल, घरी पोचलं नसेल तर फोन करा.’ बाईंचा स्वतःचा नंबर गावभर झाला की रात्री साडेदहाला भाकऱ्या आटोपून बसल्यावरही ‘उद्या डबा आणायचा का’ येतं. पालकाची चूक नसते. त्याची पाळी तेव्हाच सुटलेली असते. त्याने त्याच्या वेळेला लिहावं, बाईंनी त्यांच्या वेळेला वाचावं, आणि मेसेज वाचून लगेच उत्तर आलं नाही म्हणून कुणी मनाला लावून घेऊ नये. निळ्या टिकांवरून माणसाची नियत ठरवणं बंद झालं पाहिजे.

सूचना कशी लिहावी, हे तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण गैरसमज इथेच जन्मतात. बीईओ, म्हणजे गटशिक्षणाधिकारी, यांच्या ऑफिसमधून सर्क्युलर कन्नडमध्ये येतं, सीआरपी, म्हणजे आसपासच्या शाळांचं बघणारे खात्याचे समन्वयक, ते शिक्षकांच्या ग्रुपवर टाकतात आणि तिथून ते तसंच्या तसं पालकांच्या ग्रुपवर ढकललं जातं. दोन पानांची पीडीएफ, वर ‘फॉरवर्डेड’चा बाण. मराठी शाळेतल्या पालकाने त्यातून काय काढायचं? फोनवरचं यांत्रिक भाषांतर वापरलं तर वाक्यातला नकार हरवू शकतो, ‘पर्यंत’चं ‘पासून’ होऊ शकतं. म्हणून सर्क्युलर जोडावं, पण त्याच्या वर चार ओळी स्वतःच्या मराठीत लिहाव्यात. काहीशा अशा:

‘इयत्ता सातवी. शिष्यवृत्ती अर्ज (एसएसपी, राज्य शिष्यवृत्ती पोर्टल).
शुक्रवारपर्यंत, म्हणजे 12 तारखेपर्यंत, शाळेच्या ऑफिसमध्ये आणून द्या: आधारची झेरॉक्स, जात-उत्पन्न दाखल्याची झेरॉक्स, बँक पासबुकच्या पहिल्या पानाची झेरॉक्स.
कागद ग्रुपवर पाठवू नका.
अडचण असल्यास शाळेच्या नंबरवर दुपारी 4.30 ते 6 फोन करा.’

आधी कोणासाठी, मग काय, मग कधीपर्यंत, तारखेबरोबर वार. एका मेसेजमध्ये एकच विषय. सहल, शिष्यवृत्ती आणि एफए-1 चाचणी एकाच मेसेजमध्ये कोंबली की तिसरी गोष्ट कुणी वाचत नाही. आणि ‘कागद ग्रुपवर पाठवू नका’ ही ओळ दर वेळी हवीच. जात-उत्पन्नाच्या दाखल्यावरचा आरडी नंबर, आधार नंबर, खाते क्रमांक हे सगळं पालक भाबडेपणाने ग्रुपवर टाकतात आणि ते चाळीस फोनांत जाऊन बसतं. कुणी टाकलंच तर ॲडमिनला ते सगळ्यांसाठी पुसता येतं; साधारण दोन-अडीच दिवसांच्या आत पुसावं लागतं, म्हणून रोज एक नजर टाकावी. ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहीत असतील तर हा प्रश्नच उरत नाही.

तारीख चुकली तर मूळ मेसेज गुपचूप एडिट करू नये. पाठवल्यावर पंधरा मिनिटं एडिट करता येतो खरा, पण ज्यांनी आधी वाचला त्यांना बदल कळत नाही. जुना पुसून ‘दुरुस्ती:’ या शब्दाने सुरू होणारा नवा पाठवावा. पोलचंही जपूनच. सभेला कोण येणार, हे विचारायला पोल चांगला. पण कोणी काय निवडलं ते सगळ्यांना दिसतं. ‘फी भरली का’ किंवा ‘वह्या घेतल्या का’ असला पोल म्हणजे न भरलेल्यांची यादीच सगळ्यांपुढे ठेवणं झालं.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी लिहिलेल्या सूचनेखाली व्हॉइस मेसेज द्यावा. पाऊण मिनिटाच्या आत. सुरुवातीला कोण बोलतंय आणि कुठला वर्ग. तारीख दोनदा म्हणायची. तो स्पीकरवर ऐकला जाणार हे गृहीत धरावं. आजीला ऐकवायचा असेल तर ‘आजी, नातवाच्या शाळेतनं बोलतोय’ अशी सुरुवात केली की त्या लक्ष देऊन ऐकतात.

पावसाळ्यातली सुट्टी ही आपल्या भागातली खास डोकेदुखी. जुलैत झड लागली की जिल्हाधिकारी किंवा तहसीलदार सुट्टी जाहीर करतात, कधी फक्त खानापूर तालुक्याला, कधी बेळगावलाही, कधी अंगणवाडी आणि प्राथमिकलाच. बातमी रात्री उशिरा नाहीतर पहाटे येते, आणि तिच्याबरोबर मागच्या वर्षीचं सर्क्युलरही हिंडू लागतं. पोरं घरी राहतात, शाळा भरलेली असते. किंवा पोरं भिजत शाळेत येतात आणि फाटक बंद. यासाठी शिक्षकाने चार गोष्टी तपासल्याशिवाय काहीही पुढे पाठवू नये: आदेशावरची तारीख आणि साल, तालुक्याचं नाव, कुठल्या इयत्तांना लागू, आणि मुख्याध्यापकांचा होकार. मग एकच ओळ टाकावी: ‘उद्या, मंगळवारी, पावसामुळे आपली शाळा बंद. बुधवारी नेहमीप्रमाणे.’ पालकांनीही मनाशी ठरवावं, की शाळेच्या नंबरवरून आलेलीच सुट्टी खरी. बाकी कुणीही, अगदी सख्ख्या भावानेही, पाठवलेली सुट्टी विचारून घ्यावी. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना ही ओळ एसएमएसने, किंवा गल्लीतल्या ठरलेल्या एका पालकाकडून तोंडी पोचवायची. ती नावंही जूनमध्येच ठरलेली असावीत.

आता समर्थकडे वळू. गृहपाठ अपूर्ण आहे, घरी कळवायचं तर आहेच. फॉर्मवर त्याच्या आईने साधा फोन, संध्याकाळी सातनंतर, असं लिहिलेलं असेल तर सरळ फोन. व्हॉट्सॲप असेल तर फक्त आईच्या नंबरवर, असं काहीतरी:

‘नमस्कार ताई. समर्थच्या वर्गशिक्षिका बोलतेय. तो वाचन छान करतो, वर्गात उत्तरंही देतो. या आठवड्यात सोमवार, मंगळवार आणि बुधवार गणिताचा गृहपाठ वहीत नाही. घरी काही अडचण आहे का, हे विचारायचं होतं. उद्या संध्याकाळी सातनंतर पाच मिनिटं फोन करू का?’

यात मुलाबद्दल एक चांगलं आणि खरं वाक्य आहे. खोटं कौतुक आईला लगेच कळतं. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘अजिबात’ हे शब्द नाहीत, वार आहेत. दोष नाही, प्रश्न आहे. आणि पुढे काय होणार तेही आहे. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ या वाक्यात नेमकं काय करायचं ते नसतं. दिवसभर राबून आलेल्या बाईला त्यातून ‘तू लक्ष देत नाहीस’ एवढंच ऐकू येतं. मूल हा मेसेज वाचेल तरी चालेल, कारण त्यात त्याला लाज वाटावी असं काही नाही. बोलल्यावर कळतं, की संध्याकाळी तो भाजी बांधायला शेतावर जातो, किंवा वही संपली आहे, किंवा भागाकार समजलेलाच नाही. तिन्हींवरचे उपाय वेगळे.

मारामारी, चोरीचा संशय, वयात येताना होणारी गडबड, घरातली दारू, मुलाच्या अंगावरचे वळ यांतलं काहीही लिहायचं नाही. मुख्याध्यापकांना सांगून पालकांना बोलवायचं, आणि मुलाला धोका वाटला तर 1098 या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरवर फोन करायचा.

उलट बाजूही तेवढीच महत्त्वाची. रात्री नऊला मेसेज येतो: ‘माझ्या पोराला का मारलं? उद्या येऊन बघतो.’ हा मेसेज लिहिणारा बाप घाबरलेला असतो, मुलाच्या अंगावर वळ बघून त्याचं रक्त तापलेलं असतं. शिक्षकाने त्या क्षणी ‘आपला गैरसमज झाला आहे’ लिहिलं की संपलं. बाजू मांडणं, पुरावे देणं, ‘तुमचं पोरगं काय करतं ते विचारा’ म्हणणं, सगळं टाळावं. दोनच ओळी: ‘मेसेज वाचला. तुमची काळजी समजली. मी आत्ताच मुख्याध्यापकांना सांगते, उद्या साडेनऊला शाळेत या, समोर बसून बोलू.’ मग खरोखर मुख्याध्यापकांना सांगायचं, आणि तो मेसेज तारखेसह रजिस्टरमध्ये उतरवायचा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना मनाई करतं. तेव्हा मारलं असेल तर ते व्हॉट्सॲपवर मिटवायची गोष्टच नाही, आणि मारलं नसेल तरी चौकशी शाळेतच व्हावी. मुलाला वर्गासमोर किंवा ग्रुपसमोर हिणवणं हाही मानसिक छळच, हे कलम वाचताना लक्षात असू द्यावं.

पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. तक्रार करा, जरूर करा, तो तुमचा हक्क आहे. मुलाचं नाव, इयत्ता, काय झालं, कोणत्या दिवशी, आणि तुम्ही कधी भेटू शकता, एवढं लिहा. वर्गशिक्षकांनी ऐकलं नाही तर मुख्याध्यापक, मग एसडीएमसी, म्हणजे शाळेची विकास आणि देखरेख समिती, मग बीईओ ऑफिस. एसडीएमसीत बहुतेक पालकच असतात, त्यांना गाठा. पण स्टेटसला बाईंचा फोटो लावून खाली लिहू नका. दुसऱ्या दिवशी तुमचं मूल त्याच बाईंच्या वर्गात बसणार असतं, आणि त्या अवघडलेपणाचं सगळं ओझं त्याच्यावर येतं.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे नेहमी नाजूक. शहरातल्या इंग्रजी शाळेच्या वर्गात मराठी, कन्नड, उर्दू, कोकणी अशा घरांतली मुलं एकत्र असतात. मराठी शाळेतही एखादे शिक्षक कन्नड घरचे असतात आणि त्यांचं मराठी लिहिताना अडखळतं. इथे एकच पथ्य: ज्याला जी येते त्या भाषेत त्याने लिहावं, रोमनमध्ये लिहिलं तरी चालेल, आणि कुणीही कुणाच्या भाषेची दुरुस्ती ग्रुपवर करू नये. सूचना दोन भाषांत हवी असेल तर दोन वेगळे मेसेज करावेत, म्हणजे वाचणाऱ्याला आपला तेवढाच भाग शोधत बसावं लागत नाही. 1 नोव्हेंबरला राज्योत्सव असतो आणि सीमाभागातली मराठी माणसं त्याच दिवशी काळा दिवस पाळतात. डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की वातावरण पुन्हा तापतं, कधी महाराष्ट्राच्या बाजूच्या बसही थांबतात. त्या दिवसांत शाळेच्या ग्रुपवर जायचं ते फक्त एवढंच: शाळा भरणार की नाही, कुठली बस नाही, मुलांना कसं सोडणार. सीमाप्रश्नावर माझं ठाम मत आहे, प्रत्येक घराचं असतं. ते मांडायला दुसऱ्या जागा आहेत.

फोटोंचं थोडक्यात. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. शिक्षण खात्याला पुरावा म्हणून पाठवायचे फोटो खात्यालाच जावेत. स्नेहसंमेलनाचे फोटो दुरून, गटाचे. खाली नावं नकोत. अक्षर दासोहच्या, म्हणजे शाळेतल्या दुपारच्या जेवणाच्या, पंगतीत ताट पुढे घेऊन बसलेल्या मुलांचे चेहरे तर कुठेच टाकू नयेत.

‘ॲडमिनला तुरुंगात टाकतात’ ही भीती बरीच पसरलेली आहे. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही, त्यात त्याचा सामील हेतू दिसावा लागतो, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये सांगितलं आहे. तो निकाल शेजारच्या राज्यातला आहे, म्हणून निष्काळजी राहू नये. पण त्या धाकाने ग्रुपच न काढण्याचंही कारण नाही.

एप्रिलमध्ये निकाल लागला की ग्रुप बंद करायचा. प्रगतिपत्रक हातात द्यायचं, त्याचा फोटो ग्रुपवर नाही. शेवटची सूचना टाकून सगळ्या पालकांना ग्रुपमधून काढायचं, मग शिक्षकांनी बाहेर पडायचं. आधी स्वतः बाहेर पडलं तर बाकीचे तसेच आत राहतात. फोनच्या गॅलरीतले मुलांचे फोटो आणि कुणी चुकून पाठवलेले दाखले पुसायचे, आणि गुगल फोटोजमध्ये आपोआप चढलेली प्रतही पुसायची, कारण नुसती गॅलरी साफ केली तरी ती तिथे राहू शकते. बदली झालेल्या शिक्षकांनी शाळेचं सिम मुख्याध्यापकांकडे द्यायचं. जूनमधले फॉर्म ऑफिसच्या कपाटात कुलपाखाली ठेवायचे आणि नव्या वर्गशिक्षकांना त्यातली घराची सोयीची वेळ आणि भाषा तेवढी सांगायची. समर्थने मागच्या वर्षी काय केलं ते नव्हे.